फ्रँचायझी घेण्यापूर्वी हिशेब कागदावर मांडा

आखाती देशांतून परतलेले तरुण, किंवा यंत्रमाग विकून हाती थोडी रक्कम आलेले आमचे बांधव हल्ली एकच प्रश्न घेऊन येतात : कोणत्या कंपनीच्या खाद्यपदार्थांची फ्रँचायझी घ्यावी? आमचा पेशा कापडाचा आहे. परंतु मिलच्या एजन्सीचे करारनामे आम्ही आयुष्यभर वाचले आणि अलीकडे या खाद्य कंपन्यांचेही कागद आमच्या हाताखालून गेले. म्हणून चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम मोठ्या नावांचा मोह सोडावा. मॅकडोनाल्ड्स १९९६ साली दिल्ली व मुंबईत आले. पश्चिम व दक्षिण भारतातील त्यांची दुकाने हार्डकॅसल रेस्टॉरंट्स ही एकच कंपनी चालविते. डोमिनोजचे भारतातील हक्क ज्युबिलंट फूडवर्क्सकडे आहेत. तेथे एकट्यादुकट्या माणसाला दुकान मिळत नाही. सबवे मात्र २००१ पासून पुष्कळ वर्षे छोट्या मालकांना दुकाने देत असे. २०२१ साली त्यांच्याही देशभराच्या हक्कांचा करार एका मोठ्या समूहाशी झाला. तेव्हा वीस लाखांत मॅकडोनाल्ड्स मिळवून देतो असे कोणी फोनवर सांगितले तर तो ठग समजावा. अमूलच्या नावानेसुद्धा बनावट संकेतस्थळे काढून लोकांकडून पैसे उकळले गेले आणि कंपनीला जाहीर इशारे द्यावे लागले.

सामान्य माणसाच्या आवाक्यात राहतात ती देशी नावे. मुंबईत २००१ साली सुरू झालेल्या जम्बोकिंगने वडापावची फ्रँचायझी देण्याची रीत पाडली. तेथील माल शाकाहारी, त्यामुळे जबीह्याचा प्रश्न उद्भवत नाही. अमूल पार्लरचा प्रकार निराळा आहे. रॉयल्टी नाही, नफ्यात वाटा नाही. छापील किमतीवर ठरलेले मार्जिन मिळते. कंपनीने जाहीर केलेले सरासरी दर असे : दुधाच्या पिशवीवर अडीच टक्के, दुग्धजन्य पदार्थांवर दहा, आइस्क्रीमवर वीस. नफा थोडा, पण माल ओळखीचा आणि गिऱ्हाईक रोजचे. किराणा दुकानदाराला हे गणित लगेच समजते.

तिसरा वर्ग तळलेले चिकन, शवर्मा आणि बिर्याणी विकणाऱ्या नव्या कंपन्यांचा. आमच्या तरुणांचा ओढा इकडेच असतो आणि रक्कमही येथेच बुडते. कारण साधे आहे. आपण व्यापारी नफा पाहतो. कंपनी रॉयल्टी घेते ती विक्रीवर. एक कल्पित हिशेब मांडून पाहू. जीएसटी वगळून महिन्याची विक्री तीन लाख धरा. कच्चा माल चाळीस टक्के, म्हणजे १,२०,००० रुपये. भाडे ५०,०००, चार नोकरांचे पगार ६०,०००, वीज व गॅस २०,०००. एक लाखाची विक्री घरपोच ॲपवरून झाली आणि कमिशन पंचवीस टक्के असेल तर आणखी २५,०००. रॉयल्टी सहा टक्के, म्हणजे १८,०००. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, ३,२४० रुपये. रेस्टॉरंटचा कर पाच टक्के असला तरी त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणून हा कर आपल्याच खिशातून जातो. आता शिल्लक मोजा : ३,७६० रुपये. जाहिरातीचे दोन टक्के वेगळे मागितले की तोटा सुरू, आणि कंपनीला मात्र तिचे अठरा हजार मिळालेच.

कापडाचे थान या हंगामात पडून राहिले तर पुढच्या ईदला निघते. मसाला लावलेले चिकन दुसऱ्या दिवशी फेकावे लागते. आमच्या व्यापारातून तिकडे जाणाऱ्याने हा फरक विसरू नये.

काही कंपन्या म्हणतात, तुम्ही फक्त पैसे घाला, दुकान आम्ही चालवू, दरमहा ठरावीक रक्कम घरी येईल. यावर आमचे मत स्पष्ट आहे. नफा होवो वा तोटा, मूळ रकमेवर बांधलेला परतावा मिळत असेल तर तो तिजारतीपेक्षा व्याजाच्या जवळ जातो. आलिमांना कागद दाखवून मगच पुढे जावे. नफ्या-तोट्यात दोघांचा हिस्सा असलेली भागीदारी मागून पाहावी. बहुतेक कंपन्या ती देत नाहीत. त्यांचा आपल्याच धंद्यावर किती भरवसा आहे, ते त्यावरून कळते.

हलालचे लेखी मागावे. मॅकडोनाल्ड्सने २०१९ साली आपल्या सर्व भारतीय रेस्टॉरंटना हलाल प्रमाणपत्र असल्याचे जाहीररीत्या सांगितले होते. एवढी मोठी कंपनी उत्तर देते, तर नव्या कंपनीने चिकन कोणत्या कत्तलखान्यातून येते हे सांगायला का कचरावे?

अमेरिकेत करारावर सही होण्याच्या किमान चौदा दिवस आधी कंपनीला आपली सारी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही, १८७२ च्या करार कायद्यावरच भागवावे लागते. म्हणून चौकशी आपणच करावी. नाव ट्रेडमार्क रजिस्ट्रीत नोंदलेले आहे का, किती दुकाने बंद पडली, अनामत केव्हा परत मिळेल, यंत्रे बाहेरून घेता येतील का, हे विचारावे. बंद पडलेल्या दुकानाच्या मालकाला अवश्य गाठावे. चालू दुकानाचा पत्ता कंपनी स्वतःच देते; बंद दुकान आपल्याला शोधावे लागते.

आमच्या भाच्याने यातले काही विचारले नाही आणि आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो. अशाच एका कंपनीचे दुकान चौदा महिन्यांत बंद झाले. अनामत अजून आलेली नाही. कंपनीकडूनच घ्यावा लागलेला डीप फ्रीजर बाजारभावापेक्षा बराच महाग पडला होता. आज निम्म्या किमतीलाही कोणी मागत नाही. तो आमच्या गोदामात कापडाच्या गाठींशेजारी उभा आहे.