सस्पेन्शन बदलताय? आधी शॉकअप बघा

घाटात गाडी डोलते म्हणून लोक थेट कडक स्प्रिंग शोधतात. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. तिची उसळी आवरतो तो शॉकअप. तो थकला की खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा वरखाली होते, शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसतं. मग नुसता शॉकअप बदलला तरी, स्प्रिंगला हात न लावताही फरक पडतो.

थोडा जास्त खर्च झेपत असेल तर मोनोट्यूब शॉकअप घ्या. त्यात नायट्रोजनचा दाब असल्यामुळे तेलाला सहज फेस येत नाही आणि लांबलचक खराब रस्त्यावरही पकड टिकते. मूळ उंचीच्या गाडीसाठी बिलस्टीन कंपनीचा बी६ आहे, बी८ मात्र खाली बसवलेल्या गाडीसाठी. स्प्रिंगमध्ये रबरी बफर अडकवू नका, आणि स्प्रिंग कापणं तर धोक्याचंच!

शॉकअप एका ॲक्सलचे दोन्ही एकदम बदला. स्ट्रट माउंट, लिंक रॉड तपासून घ्या. लोअर आर्मचे रबरी बुश बदलले तर त्यांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळायला सांगा. गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी व्हील अलाइनमेंट हवंच.