विसरलेली ठेव

श्रावकाच्या सत्याणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. खोटा उपदेश, गुपिताचा स्फोट, बनावट लेख हे त्यांतील काही प्रकार कोणाच्याही चटकन ध्यानात येतात. चौथा अतिचार मात्र सहजासहजी नजरेस पडत नाही. त्याचे नाव न्यासापहार. गुजराती भाषक श्रावक त्याला ‘थापणमोसो’ म्हणून ओळखतात.

आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त या अतिचाराचा जो अर्थ दिला आहे, तो प्रत्येक व्यापाऱ्याने सावकाश वाचावा असा आहे. एखाद्याने सोने-नाणे विश्वासाने कोणाकडे ठेवले. पुढे नेमका आकडा त्याच्या विस्मरणात गेला आणि तो मूळ ठेवीपेक्षा कमी मागू लागला. सांभाळणाऱ्याने नुसती मान्यता दिली, ‘बरोबर, तेवढेच.’ त्याने ठेव नाकारली नाही, वहीत खाडाखोड केली नाही, मागितले तेवढे तत्काळ मोजून दिले. तरीही तो अतिचार ठरला. शिवाय, परधन राहून गेले असतानाही त्याची गणना अस्तेयाच्या नव्हे, तर सत्याच्या अतिचारांत झाली. दुसऱ्याच्या चुकीला होकार देणे हे असत्यच, ही सूक्ष्म दृष्टी त्यामागे दिसते.

सर्वसामान्य मन इतके कठोर नसते. 1991 साली स्प्रांका, मिन्स्क व बॅरन या अमेरिकन संशोधकांनी आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील प्रसंग टेनिसपटूंचा होता. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री जॉन आपल्या बलवान प्रतिस्पर्ध्याबरोबर जेवायला बसतो. प्रतिस्पर्ध्याला एका तिखटाची बाधा होते आणि ते तिखट तेथील सॅलडवरच्या मसाल्यात असते, हे जॉनला ठाऊक आहे. एका कथेत जॉन तोच मसाला घेण्याचा आग्रह करतो. दुसऱ्या कथेत प्रतिस्पर्धी स्वतःच तो मागवतो आणि जॉन गप्प बसतो. हेतू एकच, परिणामही एकच. तरी गप्प बसणारा जॉन अनेकांना कमी दोषी वाटला.

या मानसिक सवलतीचा लाभ पेढीच्या खतावणीत सर्वांत अधिक घेतला जातो. देणेकऱ्यांच्या यादीत काही जुन्या रकमा वर्षानुवर्षे पडून असतात: माल न नेलेल्या गिऱ्हाइकाची अनामत, बंद पडलेल्या पुरवठादाराची बाकी, दोनदा जमा झालेले एकाच बिलाचे पैसे. साधारणतः तीन वर्षांनी मुदतीच्या कायद्यामुळे वसुलीचा दावा चालत नाही. मग ‘सन्ड्री बॅलन्सेस रिटन बॅक’ या निरुपद्रवी शीर्षकाखाली रक्कम उत्पन्नात वर्ग होते. त्यावर प्राप्तिकरही भरला जातो, आणि कर भरला की मनाला पैसा शुद्ध झाल्यासारखे वाटते! वास्तविक मुदत संपली म्हणजे दाव्याचा मार्ग बंद होतो. देणे फिटत नाही. अर्थात अशी प्रत्येक नोंद सदोष नसते. सदोष मालाची कपात, मान्य झालेली सूट, पैशांचा फरक हे हिशेबात असायचेच. प्रश्न फक्त त्या रकमांचा आहे, ज्यांचा मालक कोण हे मुनीमजींना पक्के ठाऊक असते.

‘मागेल तेव्हा देऊ’ हे यावरचे ठरलेले उत्तर. त्यात अप्रामाणिकपणा नाही असेच बोलणाऱ्याला वाटते. परंतु ज्याला आठवण आहे तोच मागू शकतो, आणि येथे विषय विसरलेल्याचा आहे. मार्चअखेरीस शिल्लक-पुष्टीची पत्रे जातात, तीही बहुधा ज्यांच्याकडून येणे आहे त्यांना. ज्यांचे देणे आहे त्यांना पत्र पाठवण्याचा उत्साह क्वचितच दिसतो.

बँकांच्या बाबतीत हा प्रश्न नियमांनी बांधलेला आहे. दहा वर्षे बेवारस राहिलेली ठेव 2014 च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. तरीही ठेवीदाराचा वा वारसाचा हक्क अबाधित राहतो. अशा ठेवी शोधण्यासाठी 2023 पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. पेढीला असा निधी नाही आणि संकेतस्थळही नाही. तेथे आत्याने, विधवा बहिणीने, दूरच्या काकांनी घरचीच पेढी म्हणून ठेवलेली रक्कम असते. पावती नसते, नामनिर्देशन नसते. ठेवणारा गेला की मुलांना आकडा माहीत नसतो. कधी ठेव होती हेही माहीत नसते. दिवसकार्याला पेढीचे मालक जातात, सांत्वन करतात, सर्व खर्चाची चौकशी करतात. त्या घरी पुढच्या महिन्यात खात्याचा उतारा पाठवला तर त्याला एक कागद लागतो, आणि तो पाठवला नाही तर कोणीही विचारायला येणार नसते.