भातखाचरांतील नत्र



आमच्या कर्जत-खालापूर भागांत पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उल्हास व पाताळगंगा यांच्या खोऱ्यांतील खाचरें तेव्हां तुडुंब भरलेलीं असतात, आणि त्याच पाण्यांत आपण युरिया फेकतों. पोतें रिकामें झालें म्हणजे खत पिकास पोंचलें, असा आपला समज असतो. परंतु खत टाकणें आणि तें पिकाच्या मुखीं लागणें, या दोन निराळ्या गोष्टी होत.

युरियाच्या १०० किलोंत ४६ किलो नत्र असतें. जमिनींतील जिवाणूंच्या क्रियेनें त्याचें अमोनियम बनतें, व तें भाताला मानवतें. पण खत वरच्यावर राहिलें तर त्याला तीन वाटा फुटतात. कांहीं भाग अमोनिया वायु होऊन उडतो. कांहीं पाण्याबरोबर बांधावरून जातो. कांहींचें वरच्या थरांत नायट्रेट होतें. हें नायट्रेट खालच्या निर्वात चिखलांत उतरलें, कीं जिवाणू त्याचा पुन्हां वायु करून टाकतात. म्हणूनच नायट्रेटयुक्त खतें भरल्या खाचरास योग्य नव्हत. अमोनियम सल्फेट किंवा युरिया हींच बरीं. युरियावरील निंबोळी तेलाचा लेप नायट्रेट बनण्याची क्रिया मंद करतो. २०१५ सालीं देशी युरियास असा लेप देणें सक्तीचें झालें.

तथापि खत कोणतें, याइतकेंच तें कोठें पडतें यालाहि महत्त्व आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीचें एक सूत्र याच विचारावर उभें आहे. युरिया व डायअमोनियम फॉस्फेट एकत्र दाबून सुमारें २.७ ग्रॅमची गोळी करतात. रोपांच्या ओळी १५ व २५ सेंटिमीटर अशा आळीपाळीच्या अंतरानें, आडव्याउभ्या लावल्या, म्हणजे चार चुडांचा लहान चौकोन मिळतो. त्याच्या मध्यभागीं लावणीच्याच दिवशीं एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचावयाची. एका आरास ६२५ गोळ्या, म्हणजे सुमारें १.७ किलो खत पुरतें. खोल चिखलांत अमोनियम टिकून राहतें आणि मुळांना सावकाश मिळत जातें.

दाण्याचा कस यावरहि अवलंबून असतो. आरंभींच भरमसाट नत्र मिळालें, तर पीक हिरवेंगार दिसतें खरें. परंतु तें लोळतें, करप्यास बळी पडतें, आणि पेंढा भरपूर येऊन दाणे पोचट राहतात. तेंच नत्र लोंबी येण्याच्या सुमारास बेताचें मिळालें, तर दाण्यांतील प्रथिन वाढतें व भरडतांना कणी कमी पडण्यास साह्य होतें.

वांकून गोळ्या खोंचण्यास माणसें लागतात, आणि खोपोलीच्या कारखान्यांकडे तरुण गेल्यावर तीं मिळणें कठीण, हा आक्षेप खरा आहे. ज्यांस तें जमत नाहीं, त्यांनीं खत लावणीस, फुटव्यांस व लोंबी धरतांना असें विभागून द्यावें. प्रत्येक वेळीं पाणी कमी करावें, मग बांधाचें तोंड बंद करावें, आणि पावसाची झड लागली असतां हात आवरावा. कर्जत येथें १९१९ पासून भातसंशोधन चालू आहे. तेथें जाऊन आपल्या जातीस मात्रा किती, हें अवश्य विचारावें.

पोतें उसनवारीनें आणणाऱ्या लहान शेतकऱ्याचा पैसा हवेंत उडूं नये, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.