खेड्याचा डॉक्टर घडतो कोठे?

डॉक्टर खेड्यात येत नाहीत, ही तक्रार आपण वडूजकर नेहमी करतो. त्यांना शिकविले कोठे जाते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

पाटीवरील एल. सी. पी. एस. ही अक्षरे वडीलधाऱ्यांना आठवत असतील. कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून हा डॉक्टर व्यवसायास बसे. आपल्या जवळच, मिरजेस, डॉ. वानलेस यांनी १८९७ साली वैद्यकाची शाळा काढली होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे देशातील सुमारे ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० असे परवानाधारकच होते. समितीने हा अभ्यासक्रम बंद करून सर्वांना एकच पदवी असावी, असे सुचविले. काही सभासदांनी भिन्नमत नोंदविले. खेडुताच्या वाट्याला कमी शिकलेला डॉक्टर का यावा, असे म्हटले तर ते मला तरी गैर वाटत नाही. चुकले ते पुढे. पदवी एक झाली, पण शिक्षण शहरातल्या मोठ्या रुग्णालयात राहिले. तेथे रोगी खाटेवर भेटतो. त्याची विहीर, चूल, मजुरी दिसत नाही. क्षयाचा रोगी औषध अर्ध्यावर सोडतो तो ऊसतोडीला गेला म्हणून, हे वॉर्डात कळावे कसे?

सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली काढलेल्या महाविद्यालयात विद्यार्थी पहिल्याच वर्षी पंधरवडाभर खेड्यात मुक्काम करतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविलेली असतात आणि पुढेही त्याच घरी जावे लागते. गरोदर सून, खोकणारे आजोबा, लस चुकलेले मूल, सारे एकाच उंबऱ्याआत!

असा मुक्काम खटाव तालुक्यातही घडविता येईल. त्यासाठी गावाने शाळेची एखादी खोली आणि दार उघडणारी चार घरे द्यावी लागतील.