ग्रीन कार्ड मिळालं, म्हणजे आईबाबा आले?

यवतमाळ, पुसद, वणीकडची मुलं अमेरिकेत स्थिरावली की घरी एक समज हमखास ऐकू येतो: मुलाला ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) मिळालं, आता आईवडिलांनाही तिकडे कायमचं नेता येईल. तसं होत नाही. आपल्या रेशनकार्डावर एका चुलीवर जेवणारे सगळे येतात. अमेरिकी कायद्यात मात्र ग्रीन कार्डधारक फक्त जोडीदारासाठी आणि अविवाहित मुलांसाठी अर्ज करू शकतो. आईवडिलांसाठीचा हक्क नागरिकत्व घेतल्यावर, वयाची २१ वर्षं पूर्ण असतील तरच मिळतो.

तोवर आईवडील पर्यटक व्हिसावर जातात. तो बहुधा १० वर्षांचा असतो, पण ही मुदत ये-जा करण्याची. एका खेपेला साधारण ६ महिनेच राहता येतं. कित्येकांची गफलत इथेच होते, आणि ती महागात पडते.

नागरिकत्वानंतर आईवडिलांसाठी करायच्या अर्जाला मुलाचा जन्मदाखला लागतो. जुन्या नोंदींत बाळाच्या नावाची जागा अनेकदा कोरी असते. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत ते नाव आत्ताच चढवून घ्या. वडिलांसाठी आईवडिलांच्या लग्नाचा दाखलाही लागतो.