पिट्सबर्गला राहायला येताय?
पिट्सबर्गमध्ये घर बघताना आधी रस्त्याचा चढ बघा. तीन नद्या आणि टेकड्यांचं हे शहर. बीचव्ह्यू भागातल्या कँटन ॲव्हेन्यूचा चढ तर तब्बल ३७ टक्के! बर्फ पडला की घरांसमोर, रस्त्याच्या कडेला एखादी जुनी खुर्ची ठेवलेली दिसेल. ती हलवू नका. कुणीतरी फावड्याने बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी केलेली असते आणि ती खुर्ची ठेवून राखलेली असते. कायद्यात बसत नसलं तरी लोक हे पाळतात आणि मला ते मनापासून आवडतं. सिग्नलवरही अशीच एक रीत: दिवा हिरवा होताच समोरून येणारी गाडी झटकन डावीकडे वळेल, तिला जाऊ द्या. १८७७ पासून डोंगर चढणाऱ्या डुकेन इन्क्लाइन या केबल रेल्वेत एकदा बसाच. हिवाळा मात्र ढगाळ आणि लांबलचक. दुसऱ्या राज्यातून येत असाल तर पेनसिल्व्हेनियाचं ड्रायव्हिंग लायसन्स ६० दिवसांत काढावं लागतं. ते काम आधी उरका.