इंचांच्या आधी अनुस्वार बघा

सोलापुरात सात रस्त्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मॉनिटर मागा, पहिला प्रश्न येईल, ‘किती इंची?’ फरक हजार-दोन हजारांचा असला की हात आपसूक मोठ्याकडे जातो. त्यात मांडलेल्या पडद्यांवर निळे समुद्र आणि लालभडक फुलं चालू असतात. अशा चित्रांत वाईट दिसणारा मॉनिटर निदान मी तरी पाहिलेला नाही.

सोलापूरकराला यातली मेख चादरीवरून चटकन कळेल. जकार्ड मागावरचं डिझाइन चौकटीच्या कागदावर उतरवतात. चौकटी तेवढ्याच ठेवून चादर रुंद केली, तर मोराच्या मानेला पायऱ्या पडणारच. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, मग तो २२ इंची असो की २७. त्यामुळे एका इंचात २२ इंचीवर १०० ठिपके बसतात, २४ वर ९२ आणि २७ वर जेमतेम ८२.

निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा टिपतो. ६० सेंटिमीटरवरून पाहताना हा बारकावा ०.१७ मिलिमीटरचा होतो. २४ इंचीवरचा ठिपका ०.२८ मिलिमीटरचा, २७ वरचा ०.३१ चा. इंग्रजी अक्षरं यात निभावून जातात. देवनागरीत मात्र रफार, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरं तेवढ्याच उंचीत दाटीवाटीने बसतात. म्हणून दुकानदाराला समुद्र बंद करायला सांगा आणि मराठी मजकूर लहान अक्षरात उघडा. ‘राष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ सुटा दिसतो का? ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे ओळखू येतात का? चष्म्याचा नंबर वाढलेल्या वडिलांसाठी घेत असाल, तर २७ इंचीची मोठी अक्षरं बरी. हा अपवाद मला मान्य आहे.

पॅनल, म्हणजे पडद्याची जात, आयपीएस घ्या. व्हीए पॅनलचा काळा रंग अधिक गडद असतो खरा, पण त्याची मजा रात्री दिवे मालवून सिनेमा पाहण्यात. दिवसा खोलीतला उजेड पडद्यावरून परततो आणि तो काळा राखाडी होतो. शिवाय आयपीएसवर बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. एका टेबलाशी दोघं बसणार असतील तर हे महत्त्वाचं.

स्वस्त मॉनिटरचा उजेड साधारण २५० निट्स असतो. ५०० लक्सच्या खोलीत पांढरा कागद १३० निट्सच्या आसपास चमकतो, म्हणजे घरात २५० पुरे. पण सोलापूरचं ऊन खिडकीतून थेट पडद्यावर आलं, की कुठलाच स्वस्त पडदा टिकत नाही. चकचकीत काच टाळा आणि खिडकी बाजूला येईल असं टेबल लावा. याला पैसे पडत नाहीत.

खोक्यावरच्या ‘एक मिलिसेकंद’ला हिशेब आणि टायपिंगसाठी काही अर्थ नाही. ६० हर्ट्झचं एक चित्रच जवळपास १७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं. केबल एचडीएमआयची मागा.

पैसे देण्याआधी पडदा एकदा पूर्ण पांढरा आणि एकदा पूर्ण काळा करून बघा. एखाद-दुसरा मेलेला ठिपका बऱ्याच कंपन्या वॉरंटीत दोष धरत नाहीत, त्यामुळे तो दुकानातच सापडलेला बरा.